नवरा-बायकोची घरातली नावं: तुमच्या घरी काय हाक मारतात?

ओसरी

बारशाचं नाव आत्या कानात सांगते, शाळेतलं नाव हजेरीपटावर चढतं. पण लग्नानंतर नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला जे नाव देते, त्याची नोंद कुठेच होत नाही. ते ना पत्रिकेत असतं, ना आधारवर, ना दारावरच्या पाटीवर. त्या दोघांबरोबर ते राहतं आणि त्यांच्याबरोबरच जातं. मला या नावांचं फार अप्रूप आहे. ती कुठेतरी लिहून ठेवायला हवीत असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवात माझ्या माहेरापासून. माझे बाबा आईला 'कोरम' म्हणतात. ते आमच्या सोसायटीचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, हे वाक्य त्यांच्या तोंडात कायमचं बसलेलं. घरी काका-मामा जमले, फ्रीज कुठला घ्यायचा, कुणाच्या लग्नात आहेर काय करायचा अशी चर्चा सुरू झाली आणि आई आत स्वयंपाकघरात असली, की बाबा हात वर करून म्हणायचे, "थांबा मंडळी, कोरम झालेला नाही." मग आई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि खरंच तोवर कुणी काही ठरवायचं नाही. पुढे तिला हाकच तशी पडली. परवा फोनवर बाबा म्हणाले, "कोरम देवळात गेलाय, तासाभराने फोन कर." आईसुद्धा आता बँकेत, दवाखान्यात बाबांनी परस्पर काही ठरवलं की ऐकवते, "हा ठराव बेकायदेशीर आहे."

आईच्या आईने मात्र आजोबांना जन्मभर नाव घेऊन हाक मारली नाही. 'अहो', 'ऐकलंत का', फार तर 'अमक्याचे बाबा'. तिसऱ्या माणसाशी बोलताना 'इकडून', 'हे', 'आमच्या घरातून'. त्या पिढीकडेही गमतीची नावं होती, पण ती चारचौघांत ऐकू यायची नाहीत. तुमच्या आजी-आजोबांची अशी काही आठवत असतील तर ती आधी लिहा.

दोन विनंत्या. खरी नावं देऊ नका, आणि नावामागची गोष्ट जरूर सांगा. व्हॉट्सॲपवर फिरणारे बायकोवरचे विनोद इथे नकोत, ते दुसरीकडे भरपूर आहेत.

चष्मेवाली

किती छान विषय! 'कोरम' वाचून खूप हसले.

आमच्याकडे आजोबांना आजीने 'हवामान खातं' असं नाव ठेवलं होतं. आजोबा रोज सकाळी अंगणात उभे राहून आभाळाकडे बघायचे आणि संध्याकाळपर्यंत पाऊस येणार की नाही ते सांगायचे. काखेत छत्री बाराही महिने. आजी उन्हात पापड घालण्याआधी विचारायची, "खात्याचा काय अंदाज?" आजोबा म्हणाले की येणार नाही, तरच ती पापड आत घ्यायची तयारी ठेवायची.

आत्याच्या लग्नात बायका आजीच्या मागे लागल्या, नाव घ्या, नाव घ्या. तिने तिथल्या तिथे जुळवलं:

निरभ्र आभाळ, ऊन कडक, तरी छत्री हाती,
हवामान खात्यानंच बांधल्या माझ्या जन्माच्या गाठी.

बायका म्हणाल्या, हे चालणार नाही, खरं नाव घ्या. आजी म्हणाली, "खरं नाव जगाला ठाऊक आहे. हे माझं आहे." त्या लग्नातलं जेवण कुणाला आठवत नाही, हा उखाणा अजून सगळ्यांना पाठ आहे.

आउटर

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. आईला ते 'सिग्नल' म्हणायचे. जुन्या हाताच्या सिग्नलचा हात खाली आला की गाडीला रस्ता मोकळा. म्हणून आमच्या घरात परवानगी मिळाली, असं कुणी म्हणायचं नाही, 'सिग्नल पडला' म्हणायचं. वडील न सांगता दोन-तीन सहकाऱ्यांना जेवायला घेऊन यायचे आणि त्यांना जिन्यात थांबवून एकटे आत डोकवायचे, "गाडी आउटरला उभी आहे, घेऊ का आत?" आई कणकेचा हात तसाच खाली झुकवायची. तोच इशारा.

कधी कधी हात वरच राहायचा. मग सगळे खाली कोपऱ्यावर चहा पिऊन यायचे, तोवर भात शिजलेला असायचा. माझा आयडी कुठून आला ते कळलं असेलच.

बांधावरची

आमच्या सासऱ्यांची गोष्ट सांगते. ते गावचे सरपंच होते, पुढच्या निवडणुकीत पडले. निकालाच्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलेना. चूल पेटवायलाही कुणी उठलं नाही. सासूबाईंनी दोन तास वाट बघितली, मग ताट वाढलं आणि ओट्यावर जाऊन म्हणाल्या, "चला माजी, भाकरी थंड व्हायलीय." सासऱ्यांनी आधी डोळे वटारले, मग असे हसले की शेजारचे बघायला आले, म्हणे पडलेला माणूस हसतोय कसा.

तेव्हापासून ते 'माजी'. कुणी पाहुण्याने विचारलंच तर सासूबाई सांगतात, "गावाला माजी, घराला आजीच हायेत." घरातल्या लहान पोरांना वाटतं आजोबांचं नावच माजी आहे. आमच्या बारक्याने शाळेत आजोबांचं नाव तेच सांगितलं होतं.

रागाच्या वेळी मात्र सासूबाई 'माजी' म्हणत नाहीत, 'धनी' म्हणतात. धनी अशी हाक आली की सासरे चपला घालून शेताकडे निघतात.

सह्यवेडा

हे शेवटचं अगदी खरं आहे! आमच्याकडेही उलटंच चालतं. बायको मला एरवी 'भोपू' म्हणते (घोरतो म्हणून). माझ्या खऱ्या नावाने, आणि तेही पूर्ण, हाक आली की समजायचं आज काही खरं नाही.

बोरूबहाद्दर

धागा वाचता वाचता जुनी पुस्तकं पुन्हा काढून बसलो. ओसरी यांनी 'इकडून' म्हटलं, त्यावरून थोडं लिहितो.

रमाबाई रानडे यांनी न्यायमूर्तींच्या आठवणी लिहिल्या, त्यात त्या नवऱ्याचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. म्हणजे 'स्वतःस बरे नव्हते' असं वाक्य आलं की ते बाईंबद्दल नसून माधवरावांबद्दल असतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याचा चांगलाच गोंधळ होतो. त्या काळच्या शिष्ट घरांतली ही रीत होती. पण ते पुस्तक पुरतं वाचलं की त्या 'स्वतः'मध्ये नुसता दरारा राहत नाही, खूप जवळीकही ऐकू येऊ लागते. लग्न १८७३ सालचं, मुलगी अकरा वर्षांची. माहेरची ती यमुना. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि जुनं माहेरी ठेवून यायचं. एका अर्थी नवऱ्याने दिलेलं पहिलं नाव तेच, पण ते तिला विचारून दिलेलं नसे. म्हणून मी त्याला घरातल्या लाडक्या नावांमध्ये धरत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे'त त्या नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. 'हे' नाही, 'स्वतः' नाही. टिळक रुसले, टिळक घर सोडून निघाले, टिळकांनी पैसे वाटून टाकले. नुसतं आडनाव, पण त्या आडनावात त्यांनी चिडणं, हसणं, काळजी करणं सगळं कोंबलंय. आमच्याकडे माझी मावशी काकांना आडनावानेच हाक मारते. मला ते लहानपणी कोरडं वाटायचं. लक्ष्मीबाई वाचल्यावर मावशीच्या हाकेतला गोडवा कळला.

आणि सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली पत्रं. १८५६ सालच्या पत्रात त्या नवऱ्याला 'सत्यरूप जोतीबा' असं लिहितात. हे टोपणनाव नव्हे हे मला मान्य आहे. पण बायकोने नवऱ्याला नावानिशी, आणि तेही अशा विशेषणासह लिहावं, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! आपल्या माणसात आपल्याला जे दिसतं तेच हाकेत येतं, हे त्या एका संबोधनात आहे.

पिंपळपान

बोरूबहाद्दर, सुंदर प्रतिसाद. त्यात एक नाव माझ्याकडून.

बाबासाहेब आंबेडकर रमाबाईंना 'रामू' म्हणत आणि रमाबाई त्यांना 'साहेब'. रमाबाई १९३५ साली गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' छापलं गेलं, ते बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केलंय. अर्पणपत्रिकेत रमाबाई हे नाव नाही, 'रामू' आहे. राजकारणावरच्या एवढ्या गंभीर पुस्तकाच्या पहिल्या पानावर घरातली हाक. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुढचं लगेच वाचवेना. जगासाठी रमाबाई, रमाई, आणि त्यांच्यासाठी शेवटपर्यंत रामू.

ओसरी

बोरूबहाद्दर, पिंपळपान, तुम्ही दोघांनी धाग्याचं सोनं केलंत. 'रामू'बद्दल मला माहीत नव्हतं.

नदीकाठ

आता माझी पाळी. जरा लांबेल, पण ही गोष्ट तशीच सांगायला हवी.

माझ्या आजोबांचं नाव पांडुरंग. आजीने ते नाव कधी उच्चारलं नाही. भजनात 'पांडुरंग' आलं की तेवढ्यापुरती ती गप्प व्हायची आणि पुढची ओळ पकडायची. एकदा रेशनकार्डासाठी माहिती घ्यायला माणूस दारात आला. आजोबा शेतावर, मुलं शाळेत, घरात आजी एकटी. त्याने विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" आजी म्हणाली, "ते मी कसं घेऊ?" त्याने पुन्हा विचारलं. तिने शेजारणीला हाक मारली, तीही घरात नव्हती. शेवटी आजीने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं आणि म्हणाली, "ते बघा, विटेवरचे." त्याने लिहून घेतलं. कार्ड आलं तेव्हा त्यावर आजोबांचं नाव 'विठ्ठल'.

आजोबा आधी वैतागले. दुरुस्तीसाठी तालुक्याला खेटे घातले. प्रत्येक वेळी नवा कागद लागायचा. शेवटी म्हणाले, राहू दे, देव तोच आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. आजीच्या लक्षात आलं की विठ्ठल हे नवऱ्याचं नाव नव्हे, ते कार्डावरच्या माणसाचं नाव आहे. म्हणजे ते घ्यायला हरकत नाही! आणि ज्या बाईने इतकी वर्षं 'अहो'च्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, ती भर वाड्यात "विठोबा, विठोबाऽऽ" अशी हाक मारू लागली. तिची सासू तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "अगं, नवऱ्याला नावाने काय हाक मारतेस?" आजी म्हणाली, "सासूबाई, तुम्ही ठेवलेलं नाव मी घेतलं का?" सासूबाईंकडे त्यावर उत्तर नव्हतं.

मग आजोबांनीही तिला 'रखुमाई' म्हणायला सुरुवात केली. ती रुसून वेगळी बसली की म्हणायचे, "रखुमाईचं देऊळ वेगळं असतं हे ठाऊक आहे मला, पण जेवायला तरी एका गाभाऱ्यात या." आजी हसायची नाही, पण उठून यायची.

चष्मेवाली

नदीकाठ, "तुम्ही ठेवलेलं नाव मी घेतलं का" हे वाक्य वाचून टाळ्या वाजवल्या. केवढी हुशार बाई!

कोकणकडा

वा वा वा. यापुढे काय लिहिणार! तरी आमच्या मालवणकडची एक भर. माझी काकी काकांबद्दल दुसऱ्याशी बोलताना 'आमचो घोव' म्हणते. समोर असले की 'गाबीत' म्हणते, कारण काकांना रोज मासळी लागते आणि कुठली होडी कधी लागली याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असते. काका तिला 'वैनी' म्हणतात, गावातली सगळी पोरं म्हणतात तसं. त्यामागे काही कारण नाही. सगळे म्हणायचे म्हणून त्यांनाही सवय लागली.

दुपारची_झोप

आई-बाबा दोघेही एकाच शाळेत शिक्षक. शाळेत ती 'बाई', ते 'सर'. घरीही तेच. "बाई, मीठ द्या." "सर, गॅस संपलाय." मी आणि दादा त्यांना लहानपणी सर-बाईच म्हणायचो, कारण दुसरं काही कानावर पडलंच नव्हतं. माझ्या लग्नात कन्यादानाच्या वेळी बाबा रडू लागले आणि आई त्यांचा हात धरून म्हणाली, "सर, सावरा." सासरची मंडळी चकित. मला मात्र त्याहून जवळची हाक ठाऊक नाही.

कडूगोड

सगळ्यांच्या गोष्टी आवडल्या. एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे, कुणी रागावू नका.

सगळी घरातली नावं गोड नसतात. माझ्या बाबांनी आईला 'ढब्बू' म्हणायला सुरुवात केली ती गमतीत. ती हसायची. सगळे म्हणायचे, किती खेळकर आहेत दोघं. ती गेल्यावर मावशीने सांगितलं की आईने फोटो काढून घेणं त्याच नावापायी बंद केलं होतं. आमच्याकडे तिचे चाळिशीनंतरचे फोटो जवळपास नाहीत. बाबांना हे आम्ही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांच्या मनात खरोखर प्रेमच होतं.

रंग, वजन, उंची, टक्कल, माहेर यांवरून नाव ठेवणाऱ्यांनी एकदा तरी एकांतात विचारावं, तुला हे नाव आवडतं का? चारचौघांत विचारलं तर माणूस हो म्हणतो.

आउटर

कडूगोड, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचून आत काहीतरी हललं.

बांधावरची

अगदी बरोबर. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नाव ठेवावं ते माणसाच्या करणीवरनं, कातडीवरनं न्हाई." आणि हेही म्हणाल्या की 'माजी' जर त्यांना लागलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती हाक त्यांनी तोंडातनं काढली नसती. त्या दिवशी ते हसले, म्हणून ती टिकली.

सह्यवेडा

मी आत्ताच बायकोला विचारून आलो, माझ्या बाजूने तिला जे नाव आहे त्याबद्दल. (ते इथे लिहिणार नाही, ते फक्त आमचं आहे.) ती म्हणाली, चालेल, पण तुझ्या मित्रांसमोर नको. ठरलं. आजपासून नाही.

शब्दाविण

मी वेगळ्या प्रकारची हाक सांगते. माझे आई-बाबा दोघेही ऐकू न येणारे. आमच्या घरात हाक हाताने मारतात. खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण-नाव असतं, आणि ते बहुतेक वेळा त्या माणसाच्या एखाद्या लकबीवरून पडतं. बाबांचं शाळेपासूनचं खूण-नाव कपाळावरच्या जखमेवरून आहे. सगळे मित्र तेच वापरतात. आईने मात्र लग्नानंतर ते बदललं. बाबांना हसू आवरायचं असलं की ते एक भुवई वर उडवतात. आई ती भुवई बोटाने वर उडवते. तेच तिचं बाबांसाठीचं नाव. ती खूण दुसरं कुणीच वापरत नाही, आम्ही मुलंही नाही.

बाबांचं आईसाठीचं नाव म्हणजे दोन बोटांनी वेणीला पीळ देणं. आईने केस कापून बरीच वर्षं झाली. नाव तेच आहे.

भांडण झालं की एकमेकांकडे बघायचंच नाही, म्हणजे हाक पोचतच नाही. मग बाबा खोलीतला दिवा चालू-बंद करतात. आईने मान वळवली की लगेच वेणीला पीळ.

ओसरी

शब्दाविण, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला. कोरमने एकमताने मंजूर केलाय.

वहीखातं

आमच्या ह्यांना मी 'तलाठी' म्हणते. नोकरी तलाठ्याची नाही, औषधांच्या दुकानाची आहे. पण घरातली प्रत्येक गोष्ट वहीत. गॅस कधी लावला, दूध किती आलं, वॉशिंग मशीन कुणी दुरुस्त केलं, कुणाच्या मुंजीत आपण काय दिलं आणि त्यांनी आपल्याला काय दिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला त्या वह्यांचा राग यायचा. वाटायचं, माझ्या खर्चावर लक्ष ठेवतात. एक दिवस वही उघडून बसले तर त्यात माझ्या माहेरच्या सगळ्या वाढदिवसांच्या तारखा, माझ्या आईची औषधं कधी संपणार, मला कुठला मोगरा आवडतो (बटमोगरा) असं सगळं लिहिलेलं. मग रागवायचं कसं?

आता शेजारपाजारचेही विचारतात, "वहिनी, तलाठ्यांकडून जरा उतारा काढून द्या, आमचा इन्व्हर्टर कधी घेतला होता?" आणि ते देतात हो! शेजाऱ्यांच्याही नोंदी आहेत.

जोडाक्षर

बायको बेळगावची, घरात कानडी. तिच्या आईची तिच्या बाबांना हाक 'री'. आपल्या 'अहो'सारखीच, पण एवढीशी. तेलुगूत 'एवंडी', तमिळमध्ये 'एन्नंगा', बंगालीत 'ओगो', हिंदीत 'अजी सुनते हो'. सगळीकडे नाव टाळून आदर साधलाय. आमचं लग्न झाल्यावर बायको म्हणाली, मी 'अहो' म्हणणार नाही आणि 'री'ही नाही. मग दोन्ही जोडून 'अहोरी' झालं. आमच्या दोघांशिवाय जगात कुणाला त्याचा अर्थ लागत नाही. मी तिला 'अगंरी' म्हणून बघितलं, पण ते जमलं नाही. तिला 'मास्तर' शोभतं. मला कानडी तिनेच शिकवलं आणि चुकलो की अजून कान पकडते.

नवी_पाटी

माझं लग्न नुकतंच झालंय. कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे अरे-तुरे आणि नावानेच हाक. सासूबाई प्रेमळ आहेत, पण त्यांना वाटतं चारचौघांत तरी 'अहो' म्हणावं. मला जड जात होतं. एकदा त्याने केलेला चहा फारच छान झाला, तर तोंडातून सहज निघालं, "अहो, काय चहा झालाय!" तो असा लाजला की विचारू नका. आता 'अहो' हेच माझं त्याच्यासाठीचं खास नाव झालंय. एरवी नाव, आणि खूप लाड आला की अहो. सासूबाई खूश आहेत. कारण वेगळं असलं तरी चालतंय.

बाकी जोडप्यांसारखं एखादं गमतीचं नाव अजून पडलेलं नाही. मुद्दाम शोधावं का?

नदीकाठ

नवी_पाटी, मुळीच शोधू नका. माझ्या आजीला ते रेशनकार्डाने दिलं. तुमचं तुम्हाला मिळेल. आणि 'अहो' ऐकून नवरा लाजतो, याहून गमतीचं आणखी काय हवं?

पाव्हणं

मी इथे वाचतो, लिहीत नाही. आज खास खातं उघडलं. वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझी नोकरी बदलीची. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब गावी. मी शनिवारी रात्री यायचो आणि रविवारी रात्रीच्या एसटीने परत. पहिल्यांदा दार उघडताना ती म्हणाली, "या पाव्हणं." तेच नाव पडलं. पाव्हण्यांना चहा, पाव्हण्यांना आंघोळीला पाणी, पाव्हण्यांना निघताना दशम्या. निवृत्त होऊन कायमचा घरी आलो त्या दिवशी मी म्हणालो, आता तरी नाव बदल. ती म्हणाली, "बघू, किती दिवस राहताय ते." नाव बदललं नाही. मलाही बदलायला नको होतं.

मी तिला 'मास्तरीण' म्हणायचो. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण मुलांची उजळणी तीच घ्यायची.

ती दोन वर्षांपूर्वी गेली. मुलं, सुना, नातवंडं प्रेमाने वागतात, बाबा म्हणतात, आजोबा म्हणतात. पाव्हणं म्हणणारं कुणी नाही. ते नाव कुठेतरी लिहिलेलं राहावं असं वाटलं, म्हणून आयडीही तोच घेतला.

ओसरी

पाव्हणं, नमस्कार. तुमचं आणि मास्तरणीचं नाव आता या धाग्यावर नोंदलं गेलंय. तुम्ही लिहीत राहा. आम्ही तुम्हाला इथे याच नावाने हाक मारणार आहोत.

बांधावरची

पाव्हणं, सासूबाईंनी तुम्हाला राम राम सांगितलाय. माजींनीही.

शब्दाविण

पाव्हणं, दशम्यांबद्दल आणखी लिहा ना. आणि मास्तरीण उजळणी कशी घ्यायच्या तेही.

पाव्हणं

लिहीन. पावकी-निमकी तोंडपाठ होती तिची. पाढा चुकला की पोरांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची, आणि मी मध्ये बोललो की म्हणायची, "पाव्हण्यांनी शाळेत बोलायचं नाही." उद्या सवडीने लिहितो.

तलाठी

नमस्कार. वर 'वहीखातं' यांनी ज्यांचा उल्लेख केला तो मी. धागा वाचून दाखवण्यात आला. दोन दुरुस्त्या करायच्या आहेत.

एक, बटमोगरा नाही, मदनबाण. बटमोगरा तिच्या आईला आवडायचा, तो वेगळ्या पानावर आहे.

दोन, तिला वाटतं हे नाव वही सापडल्यावर पडलं. तसं नाही. त्याच्या आधीच, पहिल्या दिवाळीत, ती वैतागून मला तलाठी म्हणाली होती. वही काढून बघितली. नोंद आहे: 'आज मला तलाठी म्हणाली. चांगलं वाटलं.' त्याच पानावर खाली उटणं, रांगोळीचे रंग आणि पणत्या, भावासकट.

कुणाला पुरावा हवा असल्यास नक्कल मिळेल. सही-शिक्का मात्र तिचा लागेल.